टाकीत ऊस दिसला पाहिजे

"ही तर गच्चीवरची पाण्याची टाकी झाली. स्टील कुठंय?" शेठनी स्क्रीनकडं बघून विचारलं, आणि आमच्या नव्या पोराचा चेहरा पडला.

शेठ बारामती एमआयडीसीत दूध थंड करायच्या टाक्या बनवतात. टाकी बनायच्या आधीच त्यांना तिचा फोटो लागतो. विक्रेता माहितीपत्रक घेऊन इंदापूर-करमाळ्याकडची दूध संकलन केंद्रं फिरून येतो, मागणी आली की मग पत्रा कापला जातो. अजून न बनलेल्या वस्तूचा फोटो संगणकावर तयार करणं हा आमच्यासारख्या रेंडरवाल्यांचा धंदा.

"अजून चमकव," असा हुकूम आल्यावर पोरानं सॉफ्टवेअरमधली मेटॅलिकची, म्हणजे धातूपणाची, पट्टी १ वर आणि रफनेसची, म्हणजे खडबडीतपणाची, शून्यावर नेली. टाकी काळी ठिक्कर पडली. पोराला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. प्लॅस्टिकवर समोरून उजेड पडला तर त्यातला जेमतेम ४ टक्के आरशासारखा परत येतो. बराचसा आत शिरतो आणि प्लॅस्टिकचा रंग घेऊन बाहेर पडतो. धातूत शिरलेला उजेड मात्र तिथंच संपतो. डोळ्याला दिसतो तो फक्त वरच्यावर परतलेला उजेड, म्हणजेच आजूबाजूचं जग. पोरानं टाकी ठेवली होती रिकाम्या अंधारात, तिनं अंधार दाखवला.

ही अडचण आमच्या धंद्याच्या जन्मापासूनची. १९७६ साली जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूवेल यांनी वस्तूभोवती आसपासचं चित्र गुंडाळून त्याचं प्रतिबिंब पाडायची युक्ती मांडली. तरी पुढची काही वर्षं संगणकातली प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकचीच वाटायची. त्याचं कारण रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी १९८२ च्या लेखात उलगडलं. तांब्याच्या हंड्यावरची चमक तांबूस असते, तांबड्या प्लॅस्टिकवरची पांढरी. आणि तोवर सगळे धातूलाही पांढरीच चमक देत होते. १९९१ च्या 'टर्मिनेटर २'मधला पाऱ्यासारखा वितळणारा माणूस आठवतो? त्याच्या अंगावर आजूबाजूची जागा दिसते म्हणून तो खरा वाटतो.

आता टाकीभोवती जग हवं. इंटरनेटवर तयार गोल फोटो फुकट मिळतात, एचडीआरआय म्हणतात त्यांना. पुष्कळसे युरोपातले किंवा दक्षिण आफ्रिकेतले. पोरानं एक लावला आणि टाकी एकदम खरी झाली. शेठ खूश. मग त्यांनी चित्र मोठं करून पाहिलं. "ही झाडं कुठली?" टाकीच्या पोटावर सूचिपर्णी झाडांची रांग उभी होती, मागं ढगाळ निळसर उजेड. "आमच्या गिऱ्हाइकाच्या दारात ऊस असतो. टाकीत ऊस दिसला पाहिजे."

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आपल्या उन्हाचा रंग, सावलीची धार, तापलेल्या मातीचा खालून येणारा तांबूस उजेड, हे सगळं स्टीलवर उमटतं. झाडाचं नाव गिऱ्हाइकाला सांगता येणार नाही, पण चित्र परकं आहे हे त्याला पहिल्या नजरेत कळतं.

म्हणून आम्ही इंदापूरच्या वाटेवर उसाच्या बांधावर तिवई लावली. हॉलिवूडवाले सेटवर क्रोमचा गोळा नेतात. पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये ती पद्धत नीट मांडली: कॅमेऱ्यात शिरणारा उजेड कमी-जास्त करून गोळ्याचे बरेच फोटो घ्यायचे आणि एकत्र जोडायचे, म्हणजे सूर्य आभाळापेक्षा किती पटीनं प्रखर आहे हेही संगणकाला कळतं. आमचा गोळा हार्डवेअरच्या दुकानातला, जिन्याच्या रेलिंगवर बसवतात तसला पोकळ स्टीलचा. तिवई दिसताच माणसं जमली. "मोजणी आली का?" पालखी मार्गासाठी जमिनी गेलेल्या भागात तिवई म्हणजे मोजणीच. "रस्ता अजून रुंद करताय व्हय?" नाही म्हटलं तर विश्वास बसेना. बरं, गोळ्यात सगळंच दिसतं, त्यामुळं जमलेले सगळे त्यात आले, मधोमध कॅमेऱ्यासकट मी. स्वतःला पुसायला बाजूनं दुसरा फोटो घेऊन ठिगळ लावावं लागतं. वाऱ्यानं उसाची पाती हलली की जोडलेल्या फोटोत ती दुहेरी होतात, तो त्रास वेगळाच. भिगवणला उजनीच्या काठावरही घेऊन पाहिलं. पाणी आणि आभाळ दोन्ही फिकट, स्टील मिळमिळीत दिसलं. चमक दिसायला शेजारी काळोख लागतो. उसाच्या गर्द पट्ट्यानं तो दिला.

शेवटचा धडा वेल्डरकडून मिळाला. चित्र पाहून तो हसला. "पत्रा कधी एवढा सरळ असतो व्हय?" खरंच, पातळ पत्र्यावर किंचित लाट असतेच आणि प्रतिबिंब तिथं वाकडं होतं. कड धारदार नसते, जराशी गोल असते, म्हणून तिच्यावर उजेडाची बारीक रेघ धावते. सांध्याजवळ वेल्डिंगच्या आचेनं पिवळसर-निळी झाक येते. आम्ही तिन्ही गोष्टी घातल्या. शेठनी लाट आणि कड ठेवली, झाक मात्र काढायला लावली: "ती आम्ही ॲसिड लावून काढतो. चित्रात ठेवून बदनामी कशाला?" इथं वाद घालण्यात अर्थ नव्हता.

नव्यांची आणखी एक खोड. बारामतीत २०१२ पासून व्हेस्पा बनते, तिचं अंग पत्र्याचं, म्हणून सरावाला स्कूटर घेतली की पोरं मेटॅलिकची पट्टी १ वर नेऊन मोकळी होतात. पण आपल्याला दिसतो तो पत्र्यावरचा रंग आणि त्यावरचं पारदर्शक लाखेसारखं कवच, आणि ते धातू नाही. साध्या रंगाच्या अंगाला मेटॅलिक ०, आरशाच्या क्रोमला १. मेटॅलिक आणि रफनेस या दोन पट्ट्या डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून सगळीकडं पसरल्या. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातही त्या आहेत. शिकणाऱ्यांना एवढंच सांगतो: पट्टीला हात लावायच्या आधी घरातलं एक स्टीलचं पातेलं घेऊन दारात बसा आणि त्यात काय काय दिसतं ते कागदावर लिहून काढा.