केक का बसतो, बासुंदी का फाटते?

शिरोळ तालुक्याला गोडाचं वावडं नाही. एकीकडे श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना, दुसरीकडे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी आणि तिथली बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. सहकारी कारखान्यांनी सभासदांना सवलतीच्या दरात साखर देण्याची पद्धत जुनी आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हशीचं दूध तर गावोगाव. तरीही नातीच्या वाढदिवसाला घरी पहिला केक करायला घ्यावा आणि तो मधोमध बसावा, पाहुण्यांसाठी गुळाची बासुंदी करावी आणि ती ऐनवेळी फाटावी, हे घडतंच. मग घरातली मंडळी कारणं शोधतात. ओव्हन नाही म्हणून झालं, हाताला गुण नाही, नाहीतर कुणाची तरी नजर लागली. खरं कारण बहुतेक वेळा एखाद्या पक्क्या गैरसमजात असतं, आणि तो दूर करायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

गैरसमज : ओव्हन नसेल तर केक होत नाही.

केकला ओव्हन लागत नाही. चहूबाजूंनी १७० ते १८० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता लागते. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा किंवा वाळूचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण आणि खाली मंद आच एवढ्यावर ती मिळते. दहा मिनिटं पातेलं आधी तापवून घ्यायचं आणि मगच केकचं भांडं आत ठेवायचं. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढून. पण रोजचा कुकर असा कोरडा तापवणं त्याला मानवत नाही, त्यामुळे अडगळीतला जुना काढलेला बरा.

या पद्धतीची मर्यादा मात्र खरी आहे. उष्णता मुख्यतः खालून येते, आत वाफ कोंडते आणि वरचा भाग फिका राहतो. पदार्थाला खरपूस तपकिरी रंग यायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे जावा लागतो, आणि ओलावा असेपर्यंत तापमान शंभराच्या आसपासच अडून राहतं. साध्या मायक्रोवेव्हची अडचणही हीच. तो मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो, वरून भाजत नाही. भाजण्यासाठी कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह किंवा ओटीजी लागतो.

खरं तर ज्यांच्या घरी ओव्हन नव्हता, त्यांनीही भट्टीतलं खाणं सोडलं नव्हतं. दिवाळीआधी रवा, मैदा, साखर, तूप डब्यांत भरून गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचं आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायची, ही पद्धत पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत कित्येक वर्षं चालत आली आहे. माल घरचा, भट्टी बेकरीची.

गैरसमज : वाटी-चमच्याचं माप म्हणजे अंदाजपंचे.

शिरोळपासून जवळच असलेल्या सांगलीच्या कमलाबाई ओगले यांनी हा समज फार पूर्वीच मोडीत काढला. शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झालेल्या कमलाबाईंचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्यात मापं दिली ती घरोघरी असलेल्या वाटी-चमच्याची. नवी सून किंवा शिकायला परगावी गेलेला मुलगाही ती वाचून स्वयंपाक करू शकला. एकच वाटी शेवटपर्यंत वापरली की जिनसांचं आपसातलं प्रमाण बिघडत नाही, आणि पाककृतीत प्रमाणालाच महत्त्व असतं.

बेकिंगमध्ये या हिशेबाला दोन ठिकाणी तडा जातो. पहिली जागा मैद्याची. तोच कप हलक्या हाताने भरला तर मैदा १२० ग्रॅम बसतो, डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. इतक्या फरकाने केक कोरडा पडतो. दुसरी जागा अंड्यांची. परदेशी पाककृतीतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, तर घरातली वाटी बहुधा १५० च्या आसपास. कपाच्या जागी वाटी घेतली की मैदा, साखर, दूध सगळं त्याच प्रमाणात कमी होतं, पण 'दोन अंडी' दोनच राहतात. मग केक चिवट झाला की दोष मैद्याच्या माथी मारला जातो. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा हे दोन्ही प्रश्न एकदम सोडवतो.

गैरसमज : साखर ती साखर, कुठलीही घाला.

कारखान्यातली साखर दाण्याच्या आकारानुसार मोठी, मध्यम आणि बारीक अशी प्रतवारी होऊन बाहेर पडते. सवलतीच्या पोत्यातली जाड दाण्याची साखर चहात झकास विरघळते. लोण्यात फेटताना मात्र ती नीट मिसळत नाही, मग केकवर गोड ठिपके उरतात आणि तळ चिकट होतो. ती दळून घ्यावी, पण मोजून झाल्यावर. दळलेली साखर फुगून जास्त जागा घेते, त्यामुळे एक वाटी साखर आणि एक वाटी पिठीसाखर यांचं वजन सारखं भरत नाही.

'गोड कमी' म्हणून साखर एकदम अर्ध्यावर आणणंही महागात पडतं. साखर फक्त गोडी देत नाही. ती ओलावा धरून ठेवते, केक मऊ ठेवते आणि त्याला रंग आणते. पाव हिश्शापर्यंत कपात बहुतेक साध्या केकमध्ये खपून जाते, त्यापुढे पोत बदलतो.

गैरसमज : गुळाचं आहे, मधुमेह असला तरी चालतंय की!

ऊसपट्ट्यात हा समज सगळ्यांत घट्ट रुजलेला आहे आणि सगळ्यांत जास्त नुकसानही तोच करतो. गुळात सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच असते, शिवाय थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. शंभर ग्रॅममागे ऊर्जा दोन्हींत साडेतीनशे ते चारशे किलोकॅलरींच्या घरात. रक्तातली साखर गुळानेही झपाट्याने वाढते. आजोबांना मधुमेह असेल तर गुळाचा केक त्यांच्यासाठी साखरेच्या केकइतकाच मोजून खायचा पदार्थ आहे.

लोहाचंही तसंच. गुळात ते असतं, साखरेत जवळपास नसतं, हे खरं. पण एका लाडवात पडणाऱ्या पंधरा-वीस ग्रॅम गुळातून जेमतेम एखादा मिलिग्रॅम लोह मिळतं, आणि आपल्याकडे प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली जाते. गूळ चवीसाठी खावा, रक्तवाढीची भिस्त त्याच्यावर ठेवू नये.

'साखर नको, मध घालू' असं म्हणत लहानग्याच्या पहिल्या वाढदिवसाआधीच मध चाटवला जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

गैरसमज : साखरेच्या जागी तेवढाच गूळ घातला की झालं.

गूळ स्वयंपाकात वेगळा वागतो, कारण तो थोडा आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधात तो पडला की दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि बासुंदीचा नासका होतो. वाडीच्या बासुंदीची चव डोळ्यांपुढे ठेवून घरी गुळाची करायची असेल तर क्रम बदलावा. दूध आधी पूर्ण आटवून घ्यावं, गॅस बंद करावा आणि ते कोमट होऊ द्यावं. तोवर किसलेला गूळ चमचा-दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळून गार करावा. मग तो पाक थोडा थोडा घालत ढवळत राहावं. त्यानंतर भांडं पुन्हा आचेवर चढवायचं नाही. जुना, आंबूस वासाचा गूळ असेल तर एवढं करूनही दूध दगा देऊ शकतं.

केकमध्ये मात्र हेच गुण कामी येतात. गूळ ओलावा खेचून घेतो, त्यामुळे केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. बिस्किटं त्याच कारणाने कुरकुरीत न होता मऊ पडतात. परदेशी पाककृतीत 'मोलॅसिस' दिसलं की लोक महागडी बाटली शोधत फिरतात. ऊसपट्ट्यात त्याला सरळ पर्याय आहे, गुऱ्हाळावरची काकवी. कढईतला रस गूळ होण्याआधी उतरवला की काकवी मिळते. तिची चव मोलॅसिसपेक्षा सौम्य आणि जास्त गोड असते, म्हणून साखर थोडी हात राखून घालावी. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरणारी मळी ही वेगळी गोष्ट. ती आसवनीत जाते, स्वयंपाकघरात तिचं काम नाही.

गुळाच्या रंगाविषयीही एक भ्रम आहे. पिवळाधमक गूळ उत्तम असतो असं मानलं जातं, पण तो उजळपणा हायड्रोससारख्या रसायनाने आणलेला असू शकतो. रस निवळण्यासाठी भेंडीचा चिकट रस वापरण्याची गुऱ्हाळांची रीत जुनी आहे, आणि त्यातून निघणारा गूळ बहुधा गडद दिसतो.

गैरसमज : सोडा, बेकिंग पावडर, इनो सगळं एकच.

खाण्याचा सोडा एकटा नीट काम करत नाही. दही, ताक, लिंबू, गूळ असं काहीतरी आंबट जोडीला मिळालं की त्यातून वायू सुटतो आणि पीठ फुगतं. चहाच्या पाव चमचा सोड्याला अर्धा कप दही पुरतं. आंबटपणा कमी पडला तर उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव जिभेवर येते. बेकिंग पावडरीत सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असतात. ती सोड्याच्या तीन-चार पट घ्यावी लागते. इनोतही सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं. पाणी लागताच ते उसळतं, म्हणून ढोकळ्याचं पाणी उकळल्यावरच मिश्रणात घालून भांडं लगेच वाफेवर ठेवायचं.

डबा वर्षभर उघडा राहिला असेल तर आधी तपासावं. बेकिंग पावडर गरम पाण्यात आणि सोडा लिंबाच्या रसात फसफसला पाहिजे. जास्त घातली की जास्त फुगेल, हा समजही खोटा. प्रमाणाबाहेर वायू सुटला की केक आधी वर येतो आणि भिंती तग धरण्याआधीच मधोमध खचतो.

गैरसमज : अंडं काढलं की पदार्थ सगळ्यांना चालतो.

शिरोळ तालुक्यात जैन कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा प्रश्न इथे नुसता कागदोपत्री नाही. बिनअंड्याचा केक करणं अवघड नाही. अंड्याचं काम मिश्रण बांधून धरण्याचं, ओलावा देण्याचं आणि हवा धरण्याचं. ते दही-सोडा किंवा कंडेन्स्ड मिल्क बऱ्याच अंशी निभावतं. पण गाजराचा केक बिनअंड्याचा केला तरी कंदमुळं वर्ज्य असलेल्या घरात तो ताटातच राहतो. आल्याच्या बिस्किटांचंही तेच. मधही अनेक जैन घरांत चालत नाही.

पुडिंग आणि मूसमधला जिलेटिन तर जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतो. त्याला पर्याय समुद्री शेवाळापासून मिळणारा अगर-अगर. तो उकळून विरघळवावा लागतो आणि फ्रिजशिवायही घट्ट होतो. जिलेटिनपेक्षा तो कडक बसतो, म्हणून त्याच मापाने घातला तर पुडिंग सुरीने कापावं लागतं.

गैरसमज : भाजी खारट झाली की कणकेचा गोळा सोडा.

गोळा रस्सा शोषतो. पाणी जितकं जातं तितकंच त्यातलं मीठ जातं, उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. उपाय एकच, बिनमिठाचा ऐवज वाढवणं. त्यासाठी उकडलेली डाळ, ओलं खोबरं, बटाटा किंवा गरम पाणी चालतं.

तिखटाचा हिशेब निराळा आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. तोंड पोळलं की पाण्याचा पेला कामाचा नाही, दूध-दही कामाचं. तांबड्यासोबत पांढरा रस्सा वाढणाऱ्या जिल्ह्याला नारळाच्या दुधाचा उतारा काही नवा नाही.

गैरसमज : उरलेला केक फ्रिजमध्ये ताजा राहतो.

पाव आणि साधा केक फ्रिजमध्ये उलट लवकर शिळा होतो. पिठातला स्टार्च त्या थंडाव्यात झपाट्याने पुन्हा कडक होत जातो. साधा केक हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस बाहेरच चांगला राहतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर तुकडे करून, गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि खाण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढावेत. क्रीमचा किंवा खव्याचा थर असेल तर मात्र फ्रिजला पर्याय नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात असा केक तास-दोन तासांहून जास्त वेळ टेबलावर राहू देऊ नये.