विश्लेषण : कर्बोदके कमी की उष्मांक कमी? मधुमेहींना दोन्ही एकत्र साधता येते का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असून १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. निदान झाले की घरोघरी दोन सल्ले मिळतात. एक, ‘भात-पोळी सोडा’ आणि दुसरा, ‘कमी खा’. हे दोन्ही सल्ले एकच आहेत असे समजून अनेक जण ताट निम्मे करतात. त्यात फायदा किती आणि धोका कुठे, हे समजून घ्यायला हवे.

दोन्हींत नेमका फरक काय?

कर्बोदकांचे पचन होऊन त्यांची ग्लुकोज तयार होते. त्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर किती वाढणार, हे मुख्यतः कर्बोदकांवर ठरते. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला साधारणपणे ‘लो-कार्ब’ म्हणतात. उष्मांक म्हणजे सर्व अन्नातून मिळणारी एकूण ऊर्जा. एक ग्रॅम कर्बोदके किंवा प्रथिने चार उष्मांक देतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ नऊ. वजन घटणे एकूण उष्मांकांवर अवलंबून असते. म्हणजेच कर्बोदके कमी केल्याचा परिणाम जेवणानंतरच्या साखरेवर लगेच दिसतो. उष्मांक कमी केल्याचा परिणाम काही आठवड्यांनी वजनावर आणि यकृत-स्वादुपिंडातील चरबीवर दिसतो.

संशोधन काय सांगते?

ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत निदानाला सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप-२ मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ उष्मांकांचा आहार दिला गेला. वर्षभरानंतर त्यातील ४६ टक्के जणांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. या आहारातील सुमारे ५९ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येत होती. टक्केवारी पाहता हा ‘लो-कार्ब’ आहार नव्हे. मात्र एकूण खाणेच इतके कमी होते, की कर्बोदके १२५ ग्रॅमच्या आसपासच राहिली.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सहा महिन्यांनंतर कमी कर्बोदकांच्या आहाराने अधिक जणांची साखर आटोक्यात आल्याचे दिसले. बारा महिन्यांनी हा फायदा ओसरला. आहार कोणता यापेक्षा तो टिकतो किती, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो.

भारतीय ताटात अडचण कुठे आहे?

‘इंडियाब’च्या आहारविषयक अभ्यासानुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, तर प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. दोन मध्यम पोळ्यांत सुमारे ४० ग्रॅम, लहान वाटीभर भातात २८ ग्रॅम आणि वाटीभर वरणात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे एका साध्या जेवणातच ८० ग्रॅमचा टप्पा ओलांडला जातो. सकाळचे पोहे आणि रात्रीचे जेवण अजून बाकीच असते.

भात सोडून भाकरीकडे वळले की काम झाले, हा समजही तपासायला हवा. ज्वारीच्या पिठात कर्बोदके गव्हाच्या पिठाइतकीच असतात. नुसता तांदूळ बदलून गहू किंवा भरडधान्य घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे याच अभ्यासात आढळले नाही. एकूण कर्बोदके कमी करून त्यांची जागा डाळी, दूध-दही यांतील प्रथिनांना दिल्यावर मात्र तो कमी दिसला. उपवासाच्या साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको. तो जवळपास निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे.

दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

समजा डॉक्टरांनी १५०० उष्मांकांची मर्यादा दिली. १३० ग्रॅम कर्बोदकांतून ५२० उष्मांक येतात. ७५ ग्रॅम प्रथिनांतून ३०० मिळतात. उरलेले ६८० उष्मांक म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ. त्यात फोडणी, दाणे, दुधातील साय, पनीर सारे आले.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. दाणे, पनीर, तूप यांत कर्बोदके कमी म्हणून ते मोकळ्या हाताने खाल्ले जातात. मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत जेमतेम पाच ग्रॅम कर्बोदके असली, तरी उष्मांक १७० असतात. मोठा चमचाभर तेलात कर्बोदके शून्य, उष्मांक १२०. साखर आटोक्यात दिसते. पण वजन हलत नाही, ते यामुळे.

उलट दोन्ही बाजूंनी आवळले आणि प्रथिनेही घटली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून पोळी-भात निम्मा करताना उसळ, घट्ट वरण, ताक, अंडी किंवा मासे वाढवावेत. निम्मे ताट पालेभाजी, फळभाजी, कोशिंबिरीने भरावे. कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी-भात शेवटी या क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी वाढते, असेही चाचण्यांत दिसले आहे.

औषधे सुरू असताना धोका काय?

सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिनचा डोस जुन्या जेवणाच्या हिशेबाने ठरलेला असतो. ताट निम्मे केले आणि डोस तोच ठेवला, तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, हातांना कंप, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके फारच कमी केली तर रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो. यात साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही मळमळ, पोटदुखी, धाप लागते. त्यामुळे ही लक्षणे दुर्लक्षित राहतात.

हा आहार कोणासाठी नाही?

टाइप-१ मधुमेही, गर्भवती, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि मुळात कमी वजनाचे ज्येष्ठ यांनी स्वतःहून असा प्रयोग करू नये. इतरांनीही आहार बदलण्याआधी डोसबाबत डॉक्टरांशी बोलावे. पहिले काही आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून नोंद ठेवावी. तीन महिन्यांनी एचबीए१सी चाचणी करावी. सुरुवात एका पोळीपासून केली तरी चालेल, पण ती कमी केलेली पोळी वर्षभरानंतरही कमीच राहायला हवी.