विश्लेषण : माजी सैनिक रुग्णालयात एकटाच असेल तर धावपळ कोणी करायची? नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ‘सोबतीचा माणूस’ इतका महत्त्वाचा का?

उपचारांसाठी योजना आहे, निराधारांसाठी अनुदान आहे, चौकशीसाठी सरकारी कार्यालयही आहे. पण खाटेशेजारी बसणारा आणि कागद पुढे सरकवणारा माणूस नसेल, तर या सगळ्याचा उपयोग अर्ध्यावरच अडतो. अमेरिकेत हे काम ‘लॉज’चे स्वयंसेवक अनेक दशके करत आहेत. आपल्याकडे ते कोण करू शकते?

प्रश्न नेमका काय आहे?

लष्करातील शिपाई साधारण १५ ते १७ वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे बहुतेकदा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. पलटणीतले सोबती देशभर आपापल्या गावी विखुरतात. सत्तरी ओलांडेपर्यंत पत्नी गेलेली असते, मुले सुरत, नाशिक किंवा पुण्यात कामाला असतात. अशा वेळी दवाखान्यात भरती व्हावे लागले, तर पहिली अडचण पैशांची नसतेच. फॉर्म कोण भरणार, औषध कोण आणणार, डॉक्टरांनी सांगितलेले कोण समजून घेणार, इथूनच सुरुवात होते.

एकटेपणा ही केवळ मनाची बाब राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहापैकी एका व्यक्तीला एकटेपणा जाणवतो आणि त्याच्याशी संबंधित मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार इतका आहे.

नंदुरबारमध्ये अडचण अधिक का?

धुळ्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी. सातपुड्यातील अनेक पाड्यांवरून आजही रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तर नर्मदाकाठच्या गावांसाठी बोट दवाखान्याचा आधार घ्यावा लागला आहे.

जिल्ह्यात लष्करी रुग्णालय नाही. नाशिकजवळचे देवळाली सुमारे २०० किलोमीटरवर, पुणे त्याच्या दुप्पट अंतरावर. त्यात भाषेचा प्रश्न. घरात भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या वृद्धाला मोठ्या शहरातील रुग्णालयात आपले दुखणे नीट सांगता येईलच असे नाही.

ईसीएचएस काय देते? ४८ तासांचा नियम काय आहे?

‘ईसीएचएस’ म्हणजे माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना पॉलिक्लिनिकमध्ये उपचार मिळतात. तिथून चिठ्ठी घेऊन योजनेशी जोडलेल्या खासगी रुग्णालयात रोख पैसे न भरता दाखल होता येते.

तातडीच्या प्रसंगी जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जाण्याची मुभा आहे. रुग्णालय योजनेशी जोडलेले असेल, तर पॉलिक्लिनिकला कळवण्याचे काम रुग्णालय करते. जोडलेले नसेल, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. बिल आधी स्वतः भरायचे आणि नंतर ठरलेल्या दराने परतावा मागायचा.

खरी मेख इथेच आहे. बेशुद्ध किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण स्वतः फोन करू शकत नाही. सोबत कोणी नसेल तर मुदत हुकते, बिले आणि कागद गहाळ होतात आणि हक्काचा परतावा अडकतो. एका माणसाने वेळेवर केलेल्या एका फोनची किंमत इथे हजारो रुपयांची असते.

पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाचे काय?

सर्वच माजी सैनिकांना पेन्शन नसते. शिपायाला त्यासाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधीच घरी परतलेल्या जवानाला सहसा ईसीएचएसही लागू होत नाही. त्याच्यासाठी दोन वाटा महत्त्वाच्या आहेत.

पहिली वाट निर्धनता अनुदानाची. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत ते दिले जाते. ६५ वर्षांवरील, नियमित उत्पन्न नसलेले, हवालदार किंवा त्याखालील पदाचे बिगर-पेन्शनर माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यासाठी पात्र ठरतात. ही रक्कम महिन्याला ४ हजार रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ती ८ हजार करण्यात आली. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण जो निधी देतो, त्यातूनच अशा मदतीला पैसा मिळतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून होते.

दुसरी वाट ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाची. ७० वर्षांवरील कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. मात्र ईसीएचएसच्या लाभार्थ्यांना दोन्हींपैकी एकच योजना निवडावी लागते.

‘लॉज’चे स्वयंसेवक म्हणजे कोण?

आपल्याकडे लॉज म्हटले की बसस्थानकाजवळची मुक्कामाची खोली आठवते. पाश्चात्त्य देशांत मात्र बंधुभावाच्या शपथेने बांधलेल्या संघटनांच्या स्थानिक शाखेलाही लॉज म्हणतात. फ्रीमेसन ही त्यातली सर्वात परिचित संघटना. भारतातही तिच्या जुन्या शाखा आहेत आणि १९६१ मध्ये ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ स्थापन झाली.

माजी सैनिकांच्या सेवेसाठी अमेरिकेतील ‘एल्क्स’ ही संघटना ओळखली जाते. १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने बोस्टनमध्ये जखमी सैनिकांसाठी ७०० खाटांचे रुग्णालय उभारून सरकारला दिले. १९४६ पासून तिचा स्वतंत्र विभाग माजी सैनिकांसाठी काम करतो. सदस्य रुग्णालयात जाऊन पत्ते, बिंगो खेळतात, गप्पा मारतात, सणाला जेवण देतात. शिकाऱ्यांकडून मिळालेल्या कातड्यापासून व्हीलचेअरवरच्या सैनिकांसाठी हातमोजे बनवण्याचा उपक्रमही ते चालवतात.

यात मोठे तंत्रज्ञान नाही. ठरलेल्या वारी तोच माणूस पुन्हा येतो, इतकेच. पण खाटेवरच्या माणसाला त्याचाच आधार असतो.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

जवळचे उदाहरण पुण्यातील खडकीचे. तिथे १९७४ पासून ‘पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर’ आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचा किंवा मानेखालचा भाग निकामी झालेले सैनिक तिथे राहतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, काहीजण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. १९१७ मध्ये स्थापन झालेली आणि आता खडकीतच असलेली ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ अपंग सैनिकांना कौशल्ये शिकवते.

ही मदत मात्र संस्थेच्या आवारात येऊ शकणाऱ्यांना मिळते. धडगाव किंवा मोलगीकडचा वृद्ध जवान जिल्हा रुग्णालयात असेल, तर त्याला तिथेच कोणी भेटायला हवे.

नंदुरबारमध्ये हे काम कोण करू शकते?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील ‘कल्याण संघटक’ हे पद माजी सैनिक आणि विधवांच्या अडचणी सोडवण्यासाठीच आहे. पण मोजके कर्मचारी रोज प्रत्येक वॉर्डात पोहोचू शकत नाहीत. ही पोकळी तालुक्यातील माजी सैनिक, एनसीसी आणि एनएसएसचे विद्यार्थी, रोटरी-लायन्ससारखे क्लब, अगदी गावातील गणेश मंडळही भरून काढू शकते. नंदुरबारमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्थानिक बोली येणारा तरुण तिथे दुभाष्याचे कामही करू शकतो.

१५ ऑगस्टला फळवाटप करून फोटो काढण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. गरज आहे ती १६ ऑगस्टला कोण येणार, हे ठरवण्याची.

स्वयंसेवकांनी काय करावे?

* रुग्णालय प्रशासनाची परवानगी घेऊन आठवड्याचा वार आणि वेळ ठरवावी.
* ईसीएचएस कार्ड, डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि पासबुकच्या प्रती एका पिशवीत ठेवायला मदत करावी.
* जवळच्या पॉलिक्लिनिकचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा क्रमांक कागदावर ठळक लिहून द्यावा.
* हयातीचा दाखला वेळेत गेला का, ते विचारावे. तो चुकला तर पेन्शन थांबू शकते. ‘जीवन प्रमाण’मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, त्यासाठी बँकेत जावे लागत नाही.
* घरी सोडल्यानंतर पहिल्या आठवड्यात एकदा तरी भेट द्यावी. औषधांचा घोळ बहुधा याच काळात होतो.

काय टाळावे?

ओटीपी, एटीएम पिन किंवा पासबुक स्वतःकडे ठेवू नये. रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये. युद्धाच्या आठवणी खोदून विचारू नयेत. त्याला सांगायचे असेल तर ऐकावे. उपचारांबाबत सल्ला देणे डॉक्टरांवर सोडावे.

मदत हवी असेल तर?

ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘एल्डरलाइन’ ही राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे. माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवांशी संबंधित अर्ज, ओळखपत्र आणि अनुदानाची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते. तुमच्या गावात असा एकटा राहणारा माजी सैनिक असेल, तर त्याचे ईसीएचएस कार्ड आहे की नाही आणि पेन्शन चालू आहे की नाही, हे दोन प्रश्न आजच विचारता येतील. पुढे कोणत्या कार्यालयात जायचे, हे त्याच्या उत्तरांवरूनच ठरेल.