पदकाच्या कडेवरील नांव

जुनें चांदीचें पदक मोडीला आलें कीं, सराफ तें प्रथम तराजूंत टाकतो. संग्राहक तेंच पदक आडवें धरून त्याची कड वाचूं लागतो. १९१४-१८ च्या महायुद्धाबद्दल ब्रिटिश सरकारनें वांटलेल्या युद्धपदकाच्या एका बाजूस पांचव्या जॉर्ज बादशहांचें मस्तक आहे व दुसऱ्या बाजूस नग्न अश्वारूढ पुरुष असून घोड्याच्या टापांखालीं शत्रूची ढाल तुडविली जात आहे. हें चित्र सर्वांवर एकच. निराळें असतें तें कडेवर: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण. अशीं चांदीचीं पदकें सुमारें ६५ लक्ष निघालीं. तेव्हां दुर्मिळतेचा प्रश्न नाहीं; आणि तरीहि कोणतींहि दोन पदकें सारखीं नाहींत. याच पदकाची कांशाची आवृत्ति अवघी १ लक्ष १० हजारांच्या आसपास निघाली व ती बहुतांशीं मजूर-तुकड्यांतील हिंदी, चिनी व माल्टी लोकांस मिळाली. ज्यांच्या वांट्यास हलका धातु आला, त्यांचेंच पदक आज अधिक दुर्मिळ ठरावें, ही गंमतच म्हणावयाची!

मराठी घरांना या अक्षरांचें मोल मेसोपोटेमियाच्या मोहिमेवरून कळावें. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या सैन्यांत होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत शहर पडलें आणि सुमारें १३ हजार लोक तुर्कांचे कैदी झाले. त्यांतील पुष्कळ पुन्हां घरीं आले नाहींत. या मोहिमेंतील मृतांसाठीं १९२९ सालीं उघडलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांचीं व हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीपुढील आंकड्यांत जमा झाला. त्याचें नांव पदकाच्या कडेवर आहे. इंग्रजी लिपींत, कित्येकदां वेडेंवांकडें लिहिलेलें, पण आहे. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हां हीं पदकें जगभर मुशींत गेलीं, आणि तीं नांवेंहि त्यांबरोबर गेलीं.

१९३९-४५ च्या युद्धपदकांवर ब्रिटननें स्वतःच्या शिपायांचीं नांवें घातलींच नाहींत. हिंदी सैन्याच्या पदकांवर मात्र तीं आढळतात. यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ च्या व नामदेव जाधव यांस ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्ही प्रसंग इटलींतले. त्यांच्याबरोबर लढलेल्या मराठ्यांचा ‘इटली स्टार’ हा षट्कोनी तारा अजूनहि एखाद्या घरच्या पेटींत तांबड्या, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांच्या फितीसह पडलेला असेल.

नाशिकच्या शेजारीं देवळालीची छावणी आहे. मुदत भरलेले गोरे शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथें महिनेच्या महिने कंटाळून जात. वेड लागणें या अर्थीं इंग्रजींत शिरलेला ‘डूलॅली’ हा शब्द याच गांवाच्या नांवाचा अपभ्रंश होय. टोपीवरचे बिल्ले, पितळी गुंड्या, तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी कवचांच्या फुलदाण्या या वस्तु अशा छावण्यांच्या वाटेनेंच लोकांच्या घरीं येतात. फुलदाणीचें बूड पाहावें; तेथें बहुधा सन व कारखान्याची खूण ठोकलेली असते. (न फुटलेल्या वस्तूस मात्र कोणी हात लावूं नये, पोलिसांस कळवावें.) १९१४ च्या नाताळांत राजकन्या मेरीच्या नांवें फ्रान्समधील सैन्यास पितळी डब्या वांटल्या होत्या. शीख शिपायांच्या डबींत तंबाखूऐवजीं खडीसाखर होती आणि सोबत मसाल्याची निराळी डबी. परक्या सरकारला एवढें तरी सुचलें!

लबाडी येथेंहि चालते. जुनें नांव घासून काढून प्रसिद्ध पलटणीचें नवें नांव ठोकतात. पण घांसल्यानें पदकाचा ३६ मिलिमीटर व्यास किंचित् कमी होतो व मापणीनें चोरी सांपडते. १८१३ सालीं प्रशियांत सुरू झालेल्या ‘आयर्न क्रॉस’च्या नकला तर बाजारांत उदंड आहेत. अस्सल क्रॉसचा गाभा सामान्यतः ओतीव लोखंडाचा व कड चांदीची असते. सबंध एकाच धातूंत ओतलेला तुकडा लोहचुंबकास चिकटला नाहीं तर संशय घ्यावा.

चिंच, राख किंवा रांगोळी लावून पदक लखलखीत करण्याची आपल्या घरांतील हौस अनाठायीं आहे. त्यानें अक्षरें झिजतात. फीत फाटकी असली तरी टाकूं नये. सोबतचे कागद, पाकीट, पलटणीचें पत्र हें सर्व एकत्र ठेवावें, कारण वाटण्या होतांना एक पदक थोरल्याकडे व दुसरें धाकट्याकडे गेलें कीं शिपायाची हकीकतच दुभंगते. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांपूर्वींच्या वस्तु खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहींत, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळांत घडविलेल्या वस्तूंनीं ती मर्यादा आतां ओलांडली आहे. परदेशांतील नातलगांस आठवण म्हणून पदकाऐवजीं त्याच्या कडेचें स्वच्छ छायाचित्र पाठवावें.