नाव ज्ञातीचे, दार सर्वांचे

सुट्टीच्या सकाळी रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर मोटारसायकलस्वारांचे ताफे दिसू लागले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. वेग, गोंगाट आणि उधळपट्टी यांपलीकडे या छंदात काही असेल, असे त्यांना वाटत नाही. तथापि छंदाचे मोल त्याच्या निमित्ताने जमलेली माणसे पुढे काय करतात, यावर ठरते. अमेरिका व कॅनडा येथील ज्यू मोटारसायकल-मंडळांची हकिगत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. आणि ज्यू समाज कोकणाला परका नसल्यामुळे ती येथे अधिकच आस्थेने ऐकली जावी.

अमेरिकेत मोटारसायकलस्वारांची टोळी म्हटली, की १९४८ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या ‘हेल्स एंजल्स’ या दांडग्या मंडळाचे नाव पुढे येते. न्यू जर्सीतील ज्यू स्वारांनी त्याच नावाला विनोदाने मुरड घालून आपल्या मंडळाला ‘हिलेल्स एंजल्स’ म्हटले. हिलेल हा शेजाऱ्याशी नीट वागणे यातच धर्माचे सार पाहणारा प्राचीन ज्यू आचार्य. टोरांटोत ‘यिडन ऑन व्हील्स’, म्हणजे चाकांवरचे ज्यू, या नावाचे मंडळ आहे. अशी मंडळे एकत्र येऊन दरवर्षी एक मोठी फेरी काढतात आणि तिच्या निमित्ताने एखाद्या कार्यासाठी निधी उभारतात.

२००५ मधील फेरी टेनेसी राज्यातील व्हिटवेल या लहानशा गावी गेली. तेथील शाळेत १९९८ साली नाझींनी केलेल्या साठ लाख ज्यूंच्या संहाराचा पाठ चालू असता, साठ लाख म्हणजे नेमके किती, असा प्रश्न मुलांना पडला. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी माणसामागे एक याप्रमाणे कागदाच्या टाचण्या जमवावयास प्रारंभ केला. जगभरातून टाचण्यांचा वर्षाव झाला. जर्मनीतून आणलेल्या मालगाडीच्या एका जुन्या डब्यात त्यांपैकी १ कोटी १० लाख टाचण्या ठेवून २००१ मध्ये स्मारक उभे राहिले. विशेष हे, की त्या गावात ज्यू वस्ती नव्हती. परक्यांच्या दुःखाची मोजदाद करणाऱ्या त्या मुलांच्या शाळेला हातभार लावण्यासाठी हे स्वार शेकडो मैल गेले.

यामागे एक जुना विचार आहे. दानासाठी ज्यूंचा हिब्रू शब्द ‘त्सदाका’ हा न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. दान म्हणजे धनिकाची कृपा नव्हे, ते गरजूचे देणे आहे, असा त्याचा आशय. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि घेणाऱ्याला पुन्हा मागावे लागू नये अशा रीतीने त्याला उभे करणे ही सर्वांत वरची मानली.

हा विचार कोकणात मोटारसायकलीच्या पुष्कळ आधी रुजला होता. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावरील खुणा एलिया प्रेषिताच्या रथाच्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. याच समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत १८७५ साली आपल्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या देणगीने वाढली आणि त्यांचे नाव ल्याली. १९४८ नंतर समाजाचे बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. शाळा मात्र राहिली आणि आज तेथे प्रामुख्याने इतर धर्मांची मुले शिकतात. आपल्यांसाठी लावलेल्या झाडाची सावली शेजाऱ्यांना मिळाली.

धर्माच्या वा ज्ञातीच्या नावाने मंडळे काढावीतच कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. ज्ञातीचे नाव दारे बंदही करते. इस्रायलला गेलेल्या याच बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयी तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात शंका काढल्या. त्यांना निदर्शने करावी लागली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांच्या बाजूने निर्वाळा दिला. आपलेच लोक उंबरठ्यावर अडवतात, तेव्हा ज्ञातिप्रेमाचे खरे रूप उघडे पडते. तरीही अल्पसंख्य माणसे एकमेकांवर विश्वास टाकून जमतात ती बहुधा एका नावाखालीच. त्या नावाने जमलेला पैसा व श्रम कुंपणाबाहेर पोचतात की नाहीत, हीच त्याची कसोटी.

या कसोटीला रत्नागिरीचा स्वतःचा दाखला आहे. भंडारी समाजातून वर आलेले भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये येथे पतितपावन मंदिर बांधले, ते सर्व जातींच्या हिंदूंना खुले म्हणून. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा घराघरांतील चिखल उपसणाऱ्या हातांना कोणी जात विचारली नाही.

संकटात जे सहज घडते, ते एरवी घडावे यासाठीच मंडळे हवीत. कोकणात ज्ञातिमंडळे, ग्रामस्थमंडळे आणि आता मोटारसायकलस्वारांची मंडळेही आहेत. त्यांचे मेळावे, सत्कार आणि सहली जरूर व्हाव्यात. परंतु वार्षिक हिशेब मांडताना एक रकाना आपल्या नावाबाहेरच्या माणसांसाठी असावा. तो कोरा राहिला, तर मंडळाने कितीही मैल तोडले तरी ते जागचे हलले नाही, असेच म्हणावे लागेल.