सौम्य शब्दांचे काम

अतिरेकी विचारांची भाषा म्हटली की व्यासपीठावरून ओरडणारा हिटलर आठवतो. त्यातूनच समज होतो, की भाषा भडक असेल तरच धोका. नाझी राजवटीची कागदपत्रे याच्या उलट सांगतात.

20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनच्या वानझे भागात 15 अधिकारी जमले. युरोपातल्या 1 कोटी 10 लाख ज्यूंचे काय करायचे, हा विषय होता. एसएस अधिकारी आडोल्फ आइशमनने तयार केलेल्या इतिवृत्तात ठार मारण्याचा उल्लेख नाही. ज्यूंना ‘पूर्वेकडे हलवायचे’ आहे. कष्टाची कामे करूनही जे जिवंत उरतील त्यांना ‘योग्य ती वागणूक’ द्यायची आहे. बैठकीत मात्र मारण्याच्या पद्धतींवर उघड चर्चा झाली होती, हे पुढे 1961 मध्ये जेरुसलेममध्ये त्याच्यावर चाललेल्या खटल्यात आइशमननेच सांगितले. अशा भाषेला अडाणी माणसेच भुलतात म्हणावे, तर त्या 15 जणांपैकी 8 जण डॉक्टरेट मिळवलेले होते.

हे शब्द बाहेरच्यांना फसवण्यापुरतेच होते, असेही मानले जाते. लपवणे हा हेतू होताच; पण हत्येत हातभार लावणाऱ्यांनाही या शब्दांचा आधार होता. छळछावण्यांकडे माणसे नेणारी रेल्वे कागदावर ‘विशेष गाडी’ होती. तिचे भाडे प्रवासी दराने आकारले जाई, लहान मुलांचे निम्मे. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनासमोर मृत्यू नसे, आकडे असत. ‘विशेष वागणूक’ म्हणजे हत्या, हे हळूहळू इतके उघड झाले, की 1943 मध्ये एसएसप्रमुख हिमलरने एका सांख्यिकी अहवालातून तो शब्दही काढायला लावला.

आपण विरोधात आहोत, म्हणून ही भाषा आपल्याला शिवणार नाही, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. ड्रेस्डेनचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्परर ज्यू कुळात जन्मले म्हणून 1935 मध्ये त्यांची नोकरी गेली. जिवावर उदार होऊन त्यांनी रोजनिशीत या भाषेच्या नोंदी ठेवल्या. त्यांवरचे पुस्तक 1947 मध्ये आले. ‘धर्मांध’, ‘माथेफिरू’ अशा अर्थाचा शब्द नाझींनी कौतुकाचा करून टाकला, हे त्यांनी टिपले. राजवटीची भाषा तिच्या विरोधकांच्या आणि छळ सोसणाऱ्या ज्यूंच्याही तोंडी त्यांना ऐकू आली. युद्धानंतर जे तरुण त्यांच्याकडे नव्याने शिकायला आले, त्यांच्या बोलण्यातूनही ती गेलेली नव्हती.