सातशे चित्रपटांची फीत कुठवर जाते?

चला, आज एक हिशेब मांडू. ग्वाल्हेरच्या दौलतगंजात, शिंदे की छावणीत, लष्करातल्या कुठल्याही मराठी घरात 'मंथरा' म्हटलं की एकच चेहरा डोळ्यांपुढे येतो. जरा वयस्कर मंडळींना विचारा, त्यांना 'अनाडी'तली मिसेस डिसा आठवेल. चेहरा तोच. ललिता पवार! 18 एप्रिल 1916 रोजी येवल्यात जन्म, 1928 सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात पोरवयातच काम, 24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात निधन. मधल्या सत्तर वर्षांतल्या चित्रपटांची संख्या सातशेच्या वर सांगितली जाते. वरचे सोडून देऊ. हिशेबाला सोपे म्हणून 700 धरू.

सत्तर वर्षांत सातशे म्हणजे वर्षाला दहा. दर 36-37 दिवसांनी एक नवा चित्रपट, आणि हे एखाददुसरं वर्ष नाही, आयुष्यभर! हॉलिवूडमध्ये चरित्र अभिनेत्यांचा मुकुटमणी कोण, तर वॉल्टर ब्रेनन. सहाय्यक भूमिकांसाठी तीन ऑस्कर पटकावणारा हा जबरदस्त नट. त्याची चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरची कामं मिळून दोनशेच्या वर जातात. सातशेत असे तीन ब्रेनन सहज बसतात.

आता हे सातशे चित्रपट पाहायला बसू. काही मूकपट आखूड असतील, काही बोलपट चांगले तीन तासांचे. सरासरी अडीच तास धरले तर 1,750 तास झाले. जेवण नाही, झोप नाही, मध्यंतरातला चहासुद्धा नाही, तरी 73 दिवस लागतील. गणेश चतुर्थीला सुरुवात करा. गणपती जातील, नवरात्र सरेल, दिवाळीचे फटाके वाजून विझतील, तुळशीचं लग्न लागेल, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतील आणि आपण अजून पडद्यापुढेच!

पण वेळेपेक्षा मला फितीची लांबी जास्त वेड लावते. 35 मिलिमीटरची फीत प्रोजेक्टरमधून मिनिटाला 90 फूट धावते. अडीच तासांना 13,500 फूट, म्हणजे चार किलोमीटरहून थोडी जास्त. हा झाला एक चित्रपट. सातशे चित्रपटांच्या फिती एकापुढे एक जोडा, 2,880 किलोमीटर भरतात! मुंबई-पुणे रेल्वेचं अंतर 192 किलोमीटर, तेव्हा या हिशेबात मुंबई-पुण्याच्या पंधरा फेऱ्या बसतात. तेवढ्यावर थांबू नका. फितीचं एक टोक ग्वाल्हेर स्टेशनवर बांधा आणि पंजाब मेलच्या रुळांवरून ती सोडत चला. झाशी, भोपाळ, इटारसी, भुसावळ, मुंबई. सुमारे 1,220 किलोमीटर झाले, अजून निम्मी फीतसुद्धा संपलेली नाही. तसेच मागे फिरा, पुन्हा ग्वाल्हेर. हातात अजून 440 किलोमीटर शिल्लक! आता उत्तरेकडे निघू. आग्रा गेलं, मथुरा गेली, दिल्ली गेली, पानिपतही मागे पडलं आणि फीत संपते ती थेट कर्नालच्या पुढे. ग्वाल्हेरहून निघून, मुंबईला वळसा घालून पानिपतापार. आणि ही प्रत्येक चित्रपटाची एकच प्रत, बरं का.

या फिती डब्यांत भरू. हजार फुटांचं एक रीळ, एका चित्रपटाचे 14 डबे, सातशेचे 9,800 डबे. एक डबा सुमारे चार सेंटिमीटर जाड. एकावर एक रचले तर 390 मीटरच्या वर मनोरा उभा राहतो. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा डोंगर गावापासून सुमारे 100 मीटर उंच आहे. असे चार डोंगर एकमेकांच्या डोक्यावर ठेवा, तेवढी या डब्यांची उंची!

पैशांचंही पाहू. सुरुवातीला त्यांना महिना 18 रुपये पगार होता असं सांगतात. वर्षाचे 216. या दराने एक लाख रुपये जमवायचे तर 463 वर्षं लागतात. 1928 मधून 463 वजा करा, 1465 साल येतं. किल्ल्यावरचा मानमंदिर महाल बांधणारा राजा मानसिंह तोमर तेव्हा गादीवरही आला नव्हता. त्याच्याही आधीपासून नोकरी केली असती, तेव्हा कुठे 1928 पर्यंत लाखभर रुपये गाठीला लागले असते.

'श्री 420' मधली त्यांची गंगामाई केळीवाली आठवते ना? दोन आण्यांना तीन केळी हा तिचा भाव. राज कपूर मात्र हट्टाला पेटलेला, तीन आण्यांना दोनच घेणार म्हणून. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे गंगामाईच्या भावाने रुपयाला 24 केळी. बाईंच्या त्या पहिल्या पगारात तिच्या टोपलीतली 432 केळी आली असती. पण आकडे बाजूला ठेवून ते दृश्य पाहा. चिडते, हटकते, आणि या येड्याच्या पोटात भूक आहे हे कळल्यावर तिच्या तोंडावरचा तो राग कसा विरघळतो! एवढ्याशा वेळात अख्खी बाई उभी राहते.

आणि या सगळ्याच्या मधोमध ती थप्पड. 1942 साली एका चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली. तीन वर्षं उपचार चालले, तरी डोळा कायमचा बारीक राहिला. तोवर त्या नायिका होत्या. 1932 च्या 'कैलास' या मूकपटाच्या तर त्या सहनिर्मात्याही होत्या. थप्पड बसली तेव्हा वय अवघं सव्वीस. नायिका संपली असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याच बारीक डोळ्याने पुढे अर्धशतकाहून जास्त काळ सुनांना थरथरवलं!

तिशी-चाळिशीतच त्या आई झाल्या. कुणाकुणाच्या? 'दाग'मध्ये दिलीपकुमारच्या, जो त्यांच्याहून साडेसहा वर्षांनी लहान. 'हम दोनो'मध्ये देव आनंदच्या, जो साडेसात वर्षांनी लहान. 'जंगली'त शम्मी कपूरच्या, त्यातल्या त्यात थोरलं अंतर, साडेपंधरा वर्षं. पाठच्या भावाच्या वयाचा माणूस समोर उभा आहे आणि त्याला लेक म्हणून पोटाशी धरायचं आहे, तेही पाहणाऱ्याला शंका येऊ न देता.

कुणी म्हणेल, चरित्र अभिनेत्री काही सगळा वेळ पडद्यावर नसते. खरं आहे. मग कंजूषपणे मोजू. चित्रपटात पंधरा मिनिटंच धरू. सेकंदाला 24 चौकटी, मिनिटाला 1,440, पंधरा मिनिटांना 21,600. गुणिले सातशे. एक कोटी एक्कावन्न लाख चौकटी! एका चौकटीची उंची 19 मिलिमीटर, आपल्या नखाएवढी. ललिताबाई असलेल्या तेवढ्याच चौकटी कापून एकाखाली एक चिकटवा. नखाएवढ्या चौकटींची ही पट्टी होते 288 किलोमीटर. मुंबईहून निघते, लोणावळ्याचा घाट चढते, पुण्याला पोचते, माघारी वळते आणि पार कर्जतपर्यंत येते! आपली ग्वाल्हेर-श्योपूर छोटी रेल्वे, दोन फुटी रुळांवरून दिवसभर रांगणारी, सुमारे 200 किलोमीटरची होती. डब्यांच्या टपावरसुद्धा माणसं बसवून ती गाडी सकाळची संध्याकाळ करायची. त्या गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुळांवर ललिताबाईंचाच चेहरा अंथरला, तरी 88 किलोमीटर उरतील.

आणि अजून 'रामायण' यायचंच आहे. 25 जानेवारी 1987 ला मालिका सुरू झाली तेव्हा बाई सत्तरी ओलांडलेल्या. वाकलेली पाठ, तो डोळा आणि कैकेयीच्या कानाशी लागलेले ओठ. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. त्या काळचे अंदाज दर आठवड्याला आठ ते दहा कोटी प्रेक्षकांचे आहेत. कमीतला घेऊ, आठ कोटी. 2011 च्या जनगणनेत ग्वाल्हेर शहराची वस्ती साडेदहा लाख होती. अशी 76 ग्वाल्हेरं एका वेळी टीव्हीपुढे! या लोकांना गाडीत बसवू. 24 डब्यांची गाडी, डब्यात 72 जण, गाडीत 1,728. गाड्या लागतील 46 हजारांहून जास्त. एक गाडी साधारण साडेपाचशे मीटर लांब. मुंबई ते पुणे एका रुळावर इंजिनाला डबा भिडवून गाड्या उभ्या केल्या तर साडेतीनशेच मावतील. म्हणून दुसरा रूळ टाका, तिसरा टाका, दहावा, पन्नासावा, शंभरावा! मुंबई-पुणे 132 रूळ शेजारी शेजारी, सगळे टोकापासून टोकापर्यंत गाड्यांनी खच्चून भरलेले, आणि तरी दोन-तीनशे गाड्या सिग्नलबाहेर ताटकळत. सलग लावल्या तर 25 हजार किलोमीटर, पृथ्वीला निम्म्याहून जास्त वेढा! आणि त्यातला प्रत्येक माणूस येवल्याच्या या एका बाईवर दातओठ खात असलेला.

एवढे मोठाले आकडे झाल्यावर एक लहान आकडा. संगीत नाटक अकादमीने 1961 साली त्यांचा सन्मान केला. फिल्मफेअरची बाहुली मात्र सातशे चित्रपटांत मिळून एकदाच हाती आली, 'अनाडी'साठी. हा आकडा मला फारच तोकडा वाटतो. या रविवारी अडीच तास काढा आणि 'अनाडी' पुन्हा पाहा, या वेळी राज कपूरकडे नाही, मिसेस डिसाकडे बघत.